नक्कल आणि रुजवात

मराठीत ‘कॉपी करणे’ म्हटले की आधी परीक्षेची खोली डोळ्यांपुढे येते. ‘कॉपीमुक्त अभियान’ या सरकारी शब्दप्रयोगाने तर त्या शब्दावर गुन्ह्याचा शिक्काच मारला. ‘नक्कल’ मात्र तहसील कचेरीत प्रतिष्ठेने वावरते. जमिनीच्या कागदाची नक्कल मिळावी म्हणून लोक अर्ज करतात, शुल्क भरतात, खेटे घालतात. कृती एकच, पण एक शब्द तिला लाज देतो आणि दुसरा मान. या विसंगतीकडे आमचे लक्ष एका साध्या खेळाने वेधले. संगणकावर वा मोबाइलवर आपण शेवटचे जे काही कॉपी केले असेल, ते न निवडता, न सजवता सर्वांसमोर पेस्ट करायचे, एवढाच तो खेळ.

कात्रीने मजकूर कापून डिंकाने दुसरीकडे चिकटवण्याची संपादकांची जुनी रीत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात संगणकावर आणली. क्लिपबोर्ड हा त्या रीतीतला मधला हात : इथून उचललेले तिथे ठेवीपर्यंत धरून ठेवणारा. नवे उचलले की जुने गळून पडते, हा त्याचा मूळ स्वभाव. विंडोजमध्ये मागचे पंचवीस तुकडे जपण्याची सोय २०१८ साली आली, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. म्हणून शेवटचा तुकडा हा आपल्या वाचनाचा एक बेसावध क्षण असतो. आवडत्या पुस्तकांची यादी आपण विचार करून देतो; हा तुकडा विचार न करता दिला जातो.

आमच्या वर्गात बारामती-इंदापूर भागातील खेड्यांतून मुले येतात. त्यांच्याबरोबर आम्ही हा खेळ खेळलो. कोणाकडे गट क्रमांक निघाला, कोणाकडे नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची बातमी, कोणाकडे नाव बदलून पुढे पाठवायचा शोकसंदेश. कळसच्या एका विद्यार्थ्याकडे निघाले केवळ एक जोडाक्षर : ‘ऱ्या’. त्याच्या कळफलकावर ते उमटत नव्हते. ‘दऱ्या’ लिहायला जावे तर ‘दर्या’ होई, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून तो ते अक्षर दुसरीकडून उचलून आणी आणि आपल्या शब्दात बसवी. ही कॉपी आम्हांला शुद्धलेखनाच्या कोणत्याही पाठाहून मोलाची वाटली. तिथे उचलणाऱ्याला काय हवे, कोठे हवे आणि का हवे, हे तिन्ही ठाऊक होते. दलित आत्मकथनांवरील एक नेटका परिच्छेदही दुसऱ्या एकीकडून आला. तो कोणाचा, हे मात्र तिला सांगता आले नाही. क्लिपबोर्डने मजकूर आणला होता. लेखकाचे नाव मागेच राहिले होते.

आमच्या मते खरा प्रश्न येथे आहे. कॉपी-पेस्टमुळे विद्यार्थ्यांची बुद्धी गंजली, ही तक्रार आम्हांला अपुरी वाटते. मराठी वाङ्मय नकलाकारांच्याच हातांनी तगले. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून आदराने उल्लेख येतो; तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे आपणांस वंदनीय आहेत. नकलांतून चुका आणि भर शिरते, हेही परंपरेला ठाऊक होते. म्हणूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या कामाचा काळ नोंदवला आणि पुढच्यांनी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत अशी ताकीदही देऊन ठेवली. कचेरीतल्या नकलेवरही, ती कोणी केली आणि मुळाशी ताडून तिची रुजवात कोणी घेतली, याची नोंद करण्याची पद्धत आहे. नकलेला मान मिळतो तो या रुजवातीमुळे. क्लिपबोर्डावर तिला जागाच नाही.

हा खेळ निरुपद्रवी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शेवटच्या तुकड्यात पासवर्ड असू शकतो, बँकेचा संकेतांक असू शकतो, एखादे न पाठवलेले पत्रही असू शकते. एखादे ॲप दुसऱ्या ॲपमधून कॉपी केलेला मजकूर वाचते तेव्हा वापरणाऱ्याला तसे कळवण्याची सोय ॲपलने २०२० साली आयफोनमध्ये केली, ती उगीच नव्हे. शिक्षकाने वर्गात ‘दाखव’ म्हटले तर विद्यार्थ्याला नकार देणे जड जाते. तेव्हा न दाखवण्याची मुभा आधी जाहीर करावी, कारण विचारू नये आणि पहिला तुकडा शिक्षकाने स्वतःचा दाखवावा. या अटी पाळता येत नसतील तर खेळ खेळूच नये.

आमची सहाध्यापकांना सूचना एवढीच. प्रकल्पलेखनात उसन्या मजकुरावर बंदी घालून तो थांबत नाही; शब्द इकडचे तिकडे करून तो लपवला जातो, इतकेच. त्याऐवजी प्रत्येक उसन्या परिच्छेदाखाली दोन ओळी सक्तीच्या कराव्यात. पहिलीत तो कोणाचा व कोठून घेतला हे असावे; दुसरीत तो मूळ पुस्तकाशी ताडून पाहिला काय, आणि पाहताना काय वेगळे आढळले, हे असावे. गुण या दुसऱ्या ओळीला द्यावेत. ती लिहायची तर विद्यार्थ्याला ग्रंथालयात जाऊन पुस्तक उघडावे लागेल, आणि आम्हांलाही ते पुन्हा उघडावे लागेल.