मेलबर्नच्या मुलांना त्रिशंकू दाखवा

आपल्या मराठी शाळेत सप्तर्षी आणि ध्रुव हौसेने शिकवले जातात. मेलबर्नच्या आकाशात सप्तर्षी जवळजवळ दिसत नाहीत आणि ध्रुव तर कधीच उगवत नाही. ध्रुवबाळाची गोष्ट रंगवून सांगायची आणि मूल "कुठाय तो?" म्हणाले की भिंतीवरचे चित्र दाखवायचे, हे मला पटत नाही. ती गोष्ट सांगावीच; पण ताऱ्यांची ओळख इथल्या आकाशापासून व्हावी. दक्षिणेच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत.

त्रिशंकूच घ्या. सदेह स्वर्गाला निघालेला राजा, त्याला खाली लोटणारा इंद्र आणि इरेला पेटून दक्षिणेकडे नवे तारे मांडणारे विश्वामित्र! पुण्याहून त्रिशंकू जेमतेम क्षितिजावर येतो. इथे तो मावळतच नाही, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री दक्षिणेला खरोखरच उलटा लटकलेला दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावर मुले त्याला रोज पाहतात, पण त्याची गोष्ट त्यांना ठाऊक नसते. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेले आणि परत न फिरलेले अगस्त्य जानेवारीत रात्री माथ्याजवळ असतात. दूर दक्षिणेला येऊन स्थिरावलेल्या घरांतल्या मुलांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

पुराणकथांमुळे विज्ञानाचा गोंधळ होईल, असे काही पालकांना वाटते. गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली तर होत नाही. त्रिशंकूच्या माथ्याचा तांबूस तारा सुमारे ८८ प्रकाशवर्षे दूर आहे, पायथ्याचा ३०० हून अधिक. म्हणजे ते शेजारी नाहीतच. आकृती माणसाने जोडली. हे उमगले की कोणी काय जोडले, याची उत्सुकता वाटू लागते. मृगाच्या पोटातला बाण आणि त्याच्या आसपासचे तारे इथल्या लोकांना सॉसपॅन वाटतात. व्हिक्टोरियाच्या वायव्येकडच्या बूरोंग लोकांसाठी अगस्त्य म्हणजे माणसांसाठी पहिल्यांदा अग्नी आणणारा कावळा, आणि व्याध म्हणजे त्याचा भाऊ गरुड. ज्या भूमीवर आपण राहतो, तिच्या मूळ रहिवाशांची ही गोष्ट आपल्या मुलांना मराठीतून कळायला हवी.

मंडळाने जानेवारीत एक वर्ग शहराबाहेर, उघड्या मैदानावर घ्यावा. रात्री दहानंतर, कारण त्याआधी इथे नीट अंधारच पडत नाही. सुट्टीत आलेल्या आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे. मृग त्यांना उलटा दिसेल. तो ओळखायला नातवंडे मदत करतील.