मूठभर सल्लागार आणि मद्रास बंदर

मार्च १९९० मध्ये भारतीय शांतिसेनेच्या अखेरच्या तुकड्या त्रिंकोमालीहून मद्रास बंदरात उतरल्या, तेव्हा स्वागतसमारंभाला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तामिळांचे रक्त सांडलेल्या सैन्याचे स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यावरून गदारोळ पुष्कळ झाला. सुमारे १,२०० जवानांचे प्राण कोणत्या धोरणापायी गेले, हा प्रश्न मात्र त्यात बाजूला पडला. मुंबईत जन्मलेले, मद्रासच्या लष्करी प्रशिक्षण संस्थेतून अधिकारी झालेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. हा गौरव सर्वस्वी उचित होता. पण जवानाच्या शौर्याआड राज्यकर्त्यांच्या धोरणाला दडू देता कामा नये.

याच बेटावर भारताने त्यापूर्वीही बंडखोरांविरुद्ध मदत पाठवली होती. एप्रिल १९७१ मध्ये जनता विमुक्ती पेरामुनेच्या उठावाने सिरिमावो बंदरनायके यांचे सरकार हादरले, तेव्हा दिल्लीने काही हेलिकॉप्टरे, विमानतळाच्या पहाऱ्यापुरते सैनिक आणि किनाऱ्यावरील गस्तीसाठी युद्धनौका दिल्या. (मॉस्को, लंडन, वॉशिंग्टन आणि इस्लामाबाद त्या वेळी एकाच सरकारच्या मदतीस धावले होते! मार्क्सवादाचे नाव घेणाऱ्या त्या तरुणांनी वर्गशक्तींचे मोजमाप किती चुकवले होते, याचा विचार डाव्या कार्यकर्त्यांनी अवश्य करावा.) काम आटोपताच भारतीय सैनिक परतले. बेटाचे राजकारण आपल्या हाताने घडवण्याची आकांक्षा त्या मदतीत नव्हती.

जुलै १९८३ च्या तामिळविरोधी हत्याकांडानंतर ही मर्यादा सुटली. संसदेला विश्वासात न घेता गुप्तचर यंत्रणेने तामिळ सशस्त्र गटांना शिक्षण व शस्त्रे पुरवली. मद्रास शहर त्यांच्या कचेऱ्यांचे ठिकाण बनले. तिकडे जयवर्धने सरकारने इस्रायली तज्ज्ञ आणि ब्रिटनच्या एका खासगी कंपनीचे माजी सैनिक आणले. त्यांनी तयार केलेल्या विशेष कृती दलाची दहशत पूर्व प्रांतातील तामिळ खेड्यांनी सोसली. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिला लढावे लागले ते भारतानेच शिकवलेल्या वाघांशी. १९८९ मध्ये परतीची वेळ जवळ आली, तेव्हा घाईघाईने ‘तामिळ राष्ट्रीय सेना’ उभारण्यात आली. सक्तीने धरून आणलेली कोवळी पोरे तिच्यात भरली होती. प्रेमदासा सरकारने वाघांना शस्त्रे दिली आणि शांतिसेनेची पाठ वळताच ही सेना विरून गेली. १९ जून १९९० रोजी मद्रासमध्येच पद्मनाभ आणि त्यांचे सहकारी मारले गेले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर घडले.

सल्लागार कवायत शिकवतो, बिनतारी यंत्रे देतो, दारूगोळ्याची व्यवस्था लावतो. शेतकऱ्याला जमीन, अल्पसंख्याकाला भाषेचा हक्क किंवा जनतेला विश्वासार्ह सरकार त्याच्या पेटाऱ्यातून निघत नाही. मग आश्रित डगमगू लागला की आश्रयदात्याची प्रतिष्ठा पणाला लागते आणि आणखी माणसे धाडली जातात. व्हिएतनाममध्ये १९६० च्या अखेरीस सुमारे ९०० अमेरिकी सल्लागार होते, ते १९६३ अखेर १६,००० वर गेले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. एल साल्वादोरमध्ये वॉशिंग्टनने ५५ प्रशिक्षकांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आणि तिचा डंका पिटला. परंतु डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते येथे शेकडो ग्रामस्थांची कत्तल केली ती अमेरिकेने शिकवलेल्या बटालियनने! संख्या लहान ठेवल्याने जबाबदारी लहान होत नाही. संसदेत आणि वृत्तपत्रांत प्रश्न तेवढे कमी विचारले जातात. तेथील युद्ध संपले ते जानेवारी १९९२ मध्ये, वाटाघाटींनी.

श्रीलंकेत १९८७ च्या करारातून तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा आल्या. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला सप्टेंबर २०१३ उजाडले, आणि २०१८ मध्ये मुदत संपल्यावर ती परिषद रिकामीच राहिली. ज्या पेरामुनेला चिरडण्यासाठी १९७१ मध्ये हेलिकॉप्टरे गेली, तिचा नेता सप्टेंबर २०२४ मध्ये मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष झाला. त्या रिकाम्या परिषदेचा प्रश्न आता त्याच्या टेबलावर आहे.