‘ओचा’ आणि ‘अहो’

जपानी शिकणाऱ्यांना सुरुवातीच्या धड्यांतच ‘ओ’ आणि ‘गो’ भेटतात. चहा म्हणजे ‘चा’, पण अदबीने ‘ओचा’. तुमचे नाव ‘ओनामाए’, माझे मात्र नुसते ‘नामाए’. स्वतःला मान लावून घ्यायचा नाही. आपलेही तेच की! पत्रात वडिलांना ती., धाकट्यांना चि. आणि खाली सही मात्र श्री. न लावता.

इथे अमेरिकेत ती पत्रे सरली आणि मुलांच्या कानी उरला इंग्रजी ‘यू’. तो मुळात अनेकवचनी, मानाचा. १७व्या शतकात ‘दाऊ’ मागे पडला नि इंग्रजीत सगळेच ‘तुम्ही’ झाले. आपली मुले मात्र त्याचा सरसकट ‘तू’ करतात आणि फोनवर विचारतात, “आजोबा, तू जेवला का?” आजोबा हसतात, आम्ही ओशाळतो. पण आईला, आजीला, थेट विठोबालाही आपण ‘तू’च म्हणतो ना? मग मुलांनी ओळखायचे तरी कसे? हे पाठ करून येत नाही, कानावर पडावे लागते. तेव्हा मंडळी, वडीलधाऱ्यांशी मुलांसमोर मराठीतच बोलू या. ‘अहो’ ऐकले, तरच ‘अहो’ तोंडी येईल!