पडदा बोलतो, वक्ता वाचतो

अमरावती वा अकोला येथील एखाद्या महाविद्यालयातील चर्चासत्रास आज जावे, तर व्याख्यान ऐकावयास मिळेलच याची शाश्वती नाही. वाचन मात्र बहुधा मिळतेच. दिवे मालवतात, प्रोजेक्टर सुरू होतो, गडद निळ्या पार्श्वभूमीवर पंधरा ओळींची स्लाइड अवतरते आणि वक्ते श्रोत्यांकडे पाठ करून त्या पंधराही ओळी क्रमाने वाचून दाखवितात. श्रोत्यांनी त्या केव्हाच वाचलेल्या असतात. सरकारी कचेऱ्यांतील आढावा बैठकींत चित्र फारसे निराळे नसते. 'पीपीटी तयार आहे ना?' एवढी चौकशी होते. बोलणाऱ्याची तयारी झाली आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

याचा दोष साधनाच्या माथी मारणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरथॉट या लहानशा अमेरिकन कंपनीत सिद्ध केलेले पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले व त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. त्या पहिल्या आवृत्तीतच वक्त्याची टिपणे आणि श्रोत्यांच्या हाती द्यावयाचे छापील कागद यांची सोय होती. पडद्यावर काय दिसावे, वक्त्याजवळ काय असावे आणि श्रोत्याने घरी काय न्यावे, हा विवेक रचनाकारांनी प्रारंभीच केला होता. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकाच स्लाइडमध्ये कोंबल्या गेल्या.

एमएस-सीआयटीच्या वर्गांतून हजारो शिक्षक, लिपिक व विद्यार्थी यांनी हे साधन हाताळले. त्यांतील पुष्कळांच्या स्मरणात राहिली ती गिरक्या घेत येणारी अक्षरे! वस्तुतः उपयोगाची सोय याहून साधी आहे. स्लाइडखालील नोट्सच्या चौकटीत लिहिलेला मजकूर 'प्रेझेंटर व्ह्यू'मध्ये केवळ वक्त्यालाच दिसतो. म्हणजे त्या पंधरा ओळींची जागा तेथे आहे. स्लाइड मास्टरमध्ये अक्षराचा आकार एकदा ठरविला की सर्व स्लाइडना तो लागू होतो. स्लाइड सॉर्टरमध्ये सगळी मांडणी एका दृष्टिक्षेपात येते व क्रम चुकला असेल तर कळतो. आणि सादरीकरण चालू असता 'बी' हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा दाबले की उजळतो. या सर्व सोयींत ही शेवटची सर्वांत मोलाची आणि सर्वांत अपरिचित आहे. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्येही ती आहे, आणि ते विनामूल्य मिळत असल्याने शाळांना खर्चाची सबब सांगता येत नाही.

मराठीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. भर सभेत अशी फजिती एकदा झाली की पुढच्या खेपेस वक्ते इंग्रजीचा आश्रय घेतात. मग मराठी बोलणारा माणूस मराठी श्रोत्यांपुढे इंग्रजी ओळी वाचू लागतो. उपाय सोपा आहे: मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, आणि फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा. एवढ्यासाठी भाषा सोडण्याचे कारण नाही.

गर्दीच्या स्लाइडने काय ओढवू शकते, याचा दाखला अमेरिकेतील आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर भंगले व कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याविषयी स्लाइड सादर केल्या. तो तुकडा चाचणीतील नमुन्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, ही गोष्ट एका स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. शीर्षक मात्र धीर देणारे होते. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात एडवर्ड टफ्टी यांनी केलेले त्या स्लाइडचे विश्लेषण छापले आणि तांत्रिक अहवालाची जागा स्लाइडने घेण्याच्या प्रथेवर ताशेरे ओढले.

वऱ्हाडात बारीक अक्षरांत दडून जाण्याजोगी गोष्ट कपाशीची आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे अतोनात नुकसान केले. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे; तेथील ज्ञान बांधापर्यंत नेणाऱ्याने 'एकात्मिक व्यवस्थापन' या शीर्षकाखाली बारा मुद्दे मांडले, तर मागच्या रांगेतील शेतकऱ्याला त्यातले काय दिसणार? त्याऐवजी पडदाभर डोमकळीचे एकच छायाचित्र असावे. पुढच्या स्लाइडवर एवढेच: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय योजण्याची वेळ झाली. त्यानंतर पडदा काळा करून विचारावे, असे मिटलेले फूल कोणाकोणाच्या शेतात दिसले? अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. त्यांना पडदा लागला नाही. लागला असता तर तो केव्हा विझवावा हे त्यांना सांगावे लागले नसते.

हे शिकविण्याची जागा महाविद्यालयातील प्रकल्प-सादरीकरण ही आहे. विद्यार्थ्याच्या स्लाइड निम्म्यावर आल्या की परीक्षकांनी 'बी' दाबावयास सांगावे आणि उरलेला विषय पाच मिनिटे तोंडी मांडू द्यावा. गुण त्या पाच मिनिटांचे द्यावेत.