काळी वाळू आणि रंगाचें पाणी

रत्नागिरीच्या जयगडपासून सिंधुदुर्गांतील विजयदुर्गापर्यंतच्या पुळणींवर कित्येक ठिकाणीं वाळूंत काळे पट्टे दिसतात. पाहणारास तो मळ वाटावा; परंतु त्यांत इल्मेनाइट नांवाचें खनिज असतें. सह्याद्रीचा काळा दगड झिजून नद्यांवाटे समुद्रास मिळाला, आणि लाटांनीं हलके कण वाहून नेऊन जड कण मागें ठेविले. लोह, टायटॅनियम व प्राणवायु यांचें हें संयुग. त्यांतील लोह काढून टाकलें म्हणजे जी शुभ्र भुकटी मिळते, ती टायटॅनियम डायऑक्साइड. आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगांत हीच असते.

हिचा दुसरा गुण अधिक विलक्षण आहे. फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, विजेच्या घटांत हिच्यावर प्रकाश पाडला असतां पाण्याचें विघटन होतें. हा पदार्थ अर्धवाहक आहे. डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण पडतांच त्यांतील इलेक्ट्रॉन उसळून वरच्या पातळीस जातो व मागें रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यापासून, आणि तो इलेक्ट्रॉन पाण्यांत विरलेल्या प्राणवायूपासून, तीव्र व क्षणजीवी कण निर्माण करितात. ते रंगाच्या रेणूचे तुकडे पाडतात. क्रिया पूर्ण झाली तर कर्बाम्ल वायु, पाणी व क्षार एवढेंच उरतें. भुकटी मात्र खर्ची पडत नाहीं.

महाराष्ट्रास याचें अगत्य किती, हें निराळें सांगावयास नको. इचलकरंजीच्या कापडधंद्याचें सांडपाणी व पंचगंगा यांचें दुखणें जुनेंच आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्याच्या रंगानें निळे झालेले कुत्रे लोकांनीं पाहिले. मुक्या जनावराच्या अंगावर जें उघड दिसलें, तें नदीच्या पोटांत दिसत नाहीं, इतकाच भेद.

तथापि ही विद्या सर्वरोगहारक मात्रा नव्हे. सूर्यप्रकाशांत अतिनील किरणांचा वांटा शेंकडा सुमारें ५. कोंकणच्या पावसाळ्यांत तोही दुर्मिळ, मग दिव्यांचा खर्च आला. गडद पाण्यांत प्रकाश खोल शिरत नाहीं, म्हणून नेहमींच्या शुद्धीकरणानंतरची शेवटची पायरी म्हणूनच ही रीत शोभते. बारीक भुकटी पाण्यांतून परत मिळविणेंही कष्टाचें आहे.

सर्वांत मोठा धोका आपल्या डोळ्यांचा आहे. रंग गेला म्हणजे विष गेलें, असें नव्हे. ॲझो जातीचे रंग अर्धवट तुटले तर कांहीं वेळां रंगहीन अमाइन द्रव्यें मागें राहतात, व त्यांपैकीं कित्येक कर्करोगास कारण होतात. सुज्ञ वाचकांनीं म्हणून "पाणी निवळलें" एवढ्यावर संतुष्ट न होतां, त्यांत सेंद्रिय कर्ब किती उरला याची परीक्षा मागावी. आणि जी भुकटी खर्चीच पडत नाहीं, तिच्या नांवाखालीं कोणी आपली पुळण खणूं म्हणेल, तर त्यास एवढेंच विचारावें : नदी धुण्याकरितां समुद्राचा काठ कशास मोडावा ?