काशीफळ ओळखायचं बाईनं, चिरायचं कुणी?

दिवाळी झाली की आमच्या लातूरच्या गोलाईत काशीफळांचे ढीग दिसायला लागतात. परवा भाजी घ्यायला गेले तर एक नवीन लग्न झालेली मुलगी एकेक फळ उचलून कानाशी धरून टिचक्या मारत होती. भाजीवाल्या मावशी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टिचक्या काय मारालीस माय? देठ बघ की आधी."

मला हसू आलं आणि आमच्या सासूबाई आठवल्या. त्यांचंही हेच म्हणणं असायचं. वेलीवर फळ तयार झालं की देठाचा हिरवेपणा जातो, तो वाळून लाकडासारखा टणक होतो. मग सालीला नख लावायचं. नख रुतलं तर फळ कवळं, नुसतं घसरलं तर पिकलेलं. कवळ्या फळाची चमक पिकल्यावर जाते, साल निस्तेज दिसते. जमिनीला टेकलेला भाग पांढरट न राहता गडद पिवळा होतो. टिचकी सगळ्यात शेवटी, आवाज पोकळ यायला हवा. नुसत्या रंगावर मात्र जायचं नाही हं, काही जातींची साल पिकली तरी हिरवीच राहते.

आणि तोडलं की लगेच चुलीवर, असंही नाही. बोट-दोन बोटं देठ ठेवून तोडायचं, आठवडाभर उन्हं दाखवायची, मग कोरड्या जागी कडब्यावर एकमेकांना न टेकवता ठेवायचं. पिकलेल्या फळातला पिठूळपणा ठेवल्यावर हळूहळू साखरेत बदलतो. म्हणून दिवाळीत तोडलेल्या फळाचे घारगे संक्रांतीला केले तर गूळ कमी लागतो. सासूबाईंना यातलं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण माळवदाच्या घरात कोपऱ्यात मांडलेल्या फळांतलं आज कुठलं काढायचं, हे त्या नुसता हात फिरवून सांगायच्या.

एवढं सगळं कळणारी ही बाई, पण फळाला पहिली सुरी लावायची नाही! ती पुरुषानंच लावायची. सासरे होते तोवर ठीक होतं. ते गेल्यावर, आमचे हे ड्युटीवर असले की, शेजारचं दहा वर्षांचं लेकरू शाळेतून यायची वाट बघायची. ते बिचारं दोन्ही हातांनी सुरी धरून कशीबशी एक चीर पाडायचं आणि मग बाकीचं आम्ही दोघी चिरायचो. एकदा सुट्टीत ते लेकरू मामाच्या गावाला गेलं आणि आमच्या ह्यांची बदली नांदेडला झालेली. फळ तसंच राहिलं, खालून नासलं. शेवटी म्हशीपुढं टाकलं. मी शिकलेली सून, शेजारीच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

का चिरायचं नाही, असं विचारलं तर वेगवेगळी उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, बाईनं चिरलं तर मुलाला बाधतं. कुणी म्हणतं, तो बळी आहे, बळी बाईनं देऊ नये. आता बळीच्या जागी फोडतात तो कोहळा, पांढरा, ज्याचा पेठा करतात तो. तो आपल्याकडचा जुनाच. काशीफळ मात्र मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगीज वगैरे लोक समुद्रावरून इकडं यायला लागल्यावर आलेलं. ज्या जुन्या ग्रंथांचा दाखला देतात, त्यांच्या काळात हे फळ आपल्या देशात नव्हतंच! कोहळ्याचा नियम दिसायला सारख्या फळाला चिकटला असावा, असं मला वाटतं. साल टणक असते म्हणून पुरुषाची मदत घ्या, हे पटण्यासारखं आहे. पण दहा वर्षांच्या पोराच्या मनगटात अशी काय ताकद असते?

आपल्या नांदेड-लातूर भागात कर्ता पुरुष गेलेली घरं थोडी नाहीत. कुणाचा नवरा पुण्याला कामाला, कुणाचा ऊसतोडीला. त्या घरांत वेलीवरचं फळ पोराची वाट बघत बसणार का? मैत्रिणींनो, खाली फडकं घ्या म्हणजे फळ घरंगळणार नाही, शिरेच्या खोलगट रेघेत सुरी लावा आणि दाबा. आतला गर केशरी आणि बिया टपोऱ्या असतील तर घारगे करा. गर फिका आणि बिया पोचट निघाल्या तर हरभऱ्याची डाळ घालून भाजी. आणि एक तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागलं तर मोह न धरता सगळं फेकून द्या, कडू फळ शिजवूनही बाधतं.

तर परवाची ती मुलगी. तिनं मावशींच्या सांगण्यावरून वाळल्या देठाचं एक निवडलं आणि जरा दबकत म्हणाली, "मावशी, अर्धंच द्या, चिरून. घरी हे नसतात."

मावशींनी फळ पुढ्यात घेतलं, मोठ्या विळ्याचा एक घाव घातला आणि दोन तुकडे बाजूला केले. मी विचारलं, "मावशी, तुम्ही चिरता?"

"मग कोण चिरणार?" त्या तराजूत तुकडा टाकत म्हणाल्या. "सकाळधरनं धा झाले बघ. तुला पण चिरून देऊ का?"

म्हटलं, नको. अख्खंच द्या.