गोळी चुकते की चुकवली जाते?

अपस्माराचा रोगी औषध नियमित घेत नाही, मध्येच सोडतो आणि फिट आली की दवाखान्यात धावत येतो, ही तक्रार डॉक्टर मंडळींच्या आणि आरोग्यखात्याच्या तोंडी कायमची बसली आहे. तिच्यातील वैद्यकीय भाग खराच आहे. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, सोडियम व्हॅल्प्रोएट ही औषधे रोग मुळापासून उपटत नाहीत. रक्तातील त्यांची पातळी टिकते तोवर ती झटके रोखून धरतात. ती एकाएकी थांबली तर झटके परततात, कित्येकदा एकामागून एक, न थांबता. त्या अवस्थेत माणूस दगावतो. म्हणून बरे वाटू लागले तरी गोळी आपल्या मनाने सोडू नये. सोडायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवीत सोडावी लागते.

परंतु गोळी कोणाची सुटते आणि कशामुळे सुटते, या प्रश्नापाशी आले की ही मंडळी गप्प होतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील ऊसतोड कामगार मुकादमाची उचल अंगावर घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. त्यांच्यातील अपस्माराच्या रोग्याला गावाकडच्या सरकारी दवाखान्यातून मिळतात महिन्याभराच्या गोळ्या, आणि गाळप हंगाम चालतो पाच-सहा महिने. फडाजवळचा दवाखाना त्याला ओळखत नाही. तेथे जायचे तर दिवसाचा खाडा पडतो, आणि त्याचा भुर्दंड नवराबायको दोघांच्या कोयत्यावर बसतो. मध्यरात्री ट्रक भरायला उठावे लागते. झोप मोडणे हे तर फिट ओढवून घेण्याचे एक प्रमुख कारण. हातात धारदार कोयता, कोपीत पेटती चूल. या माणसाला ‘औषध वेळेवर घे, झोप पुरी घे’ असे सांगणे ही निव्वळ थट्टा आहे. त्याला फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, आणि पुढे दोष अंधश्रद्धेच्या माथी मारायला सगळे मोकळे होतात.

स्त्रीचे हाल याहून अधिक. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकण्यात आली, परंतु सोयरीक जुळविणाऱ्यांपर्यंत ती दुरुस्ती पोहोचलेली नाही. मग रोग लपतो आणि सासरी गोळीही लपते, किंवा बंदच होते. गरोदरपणात सोडियम व्हॅल्प्रोएट घेतले गेल्यास दहातील एका बाळाला जन्मजात व्यंग आणि तीन-चार बाळांना बौद्धिक वाढीच्या अडचणी संभवतात. तरुण स्त्रीला हे औषध लिहून देण्यापूर्वीच पर्यायाचा विचार व्हायला हवा. तो होत नाही. मग दिवस गेल्यावर घाबरून ती गोळी टाकून देते आणि स्वतःचा व पोटातल्या जिवाचा असा दुहेरी धोका पत्करते.

आता औषधांच्या राजकारणाकडे वळू या. फिनोबार्बिटोन १९१२ पासूनचे, फेनिटॉइन १९३८ पासूनचे. त्यांवर आज कोणाची मक्तेदारी असण्याचे कारण नाही. हाती समितीने १९७५ मध्ये व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटविण्याची शिफारस केली होती, तिचे काय झाले? १९७९ मध्ये ३४७ औषधांवर किंमतनियंत्रण होते. १९९५ पर्यंत ती यादी ७४ वर आली. २०१३ च्या आदेशाने उत्पादनखर्चाचा आधार सोडून बाजारभावाच्या सरासरीवर कमाल किंमत बांधली. आणि २०१६ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स हा सार्वजनिक कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला.

कंपन्यांचे वकील सांगतात की अपस्माराच्या रोग्याचा ब्रँड बदलणे धोक्याचे. यात तथ्यांश आहे: फेनिटॉइनच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी एकीकडे झटके, दुसरीकडे विषबाधा. परंतु त्यावरून महाग ब्रँडची भलामण कशी निघते? निघते ती एवढीच मागणी, की सरकारने प्रत्येक साठ्याची तपासणी करून एकाच बनावटीचे औषध अखंड पुरवावे. आज उलट, दवाखान्यात एक मिळते, ते संपले की दुकानदार दुसरे देतो, पैसे नसले की तेही नाही.

गाळप हंगामापूर्वी तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींसाठी आरोग्यखात्याला धारेवर धरावे: स्थलांतर करणाऱ्या रोग्याला निघताना किमान तीन महिन्यांची औषधे, राज्यातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात चालेल असे कार्ड, आणि हंगामभर फडांवर वैद्यकीय पथक. रोग्यांची नावे चव्हाट्यावर आणू नयेत. गावागणिक संख्या पुरे. ती दसऱ्याच्या आत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर पडली पाहिजे.